मेलेल्यांच्या नावाचा घास

"हिचा हात सोडलास तर बघ," असं बजावून आई कारखान्यात गेली. पंधरा वर्षांच्या झोर्नित्साला हसूच आलं. पाच वर्षांची बहीण सांभाळायची, त्यात काय गड जिंकायचाय?

पण या बहिणीच्या, क्रेमेनाच्या जनुकांतला एक बारीकसा तुकडा जन्मतःच गळालेला. 'पोट भरलं' हा निरोप तिच्या मेंदूला कधी पोचतच नसे. घरात फ्रिजला कुलूप, फडताळाला कुलूप, कचऱ्याच्या डब्यालासुद्धा!

आणि आज मृतांचा शनिवार. अख्खं गाव दफनभूमीत; आपल्या आजीबरोबर या दोघीही. थडग्याथडग्यापाशी उकडलेले गोड गहू, पाव, बिस्किटं. समोर येईल त्याला गेलेल्याच्या नावानं घास द्यायचा, आणि त्यानं तो घ्यायचाच.

"तिला चालत नाही, त्सोना आजी," झोर्नित्सा शेजारणीला म्हणाली.

"चालत नाही म्हणजे? आमच्या म्हाताऱ्याच्या नावाचंय! मेला शंभर नखरे करायचा, पण खायला कधी नाही म्हणाला नाही!"

झोर्नित्सा खुदकन हसली, तरी तिनं बहिणीला ओढतच पुढे नेलं.

आजोबांच्या थडग्याशी घरच्या आजीनं तिच्या हातात वाइनची बाटली दिली. "थडग्यावर ओत. आणि दोन्ही हातांनी गं, झाडांना पाणी घालत नाहीयेस."

दोन्ही हातांनी ओतली. वळून बघते, तर क्रेमेना नाही!

सापडली ती पार टोकाच्या बाकावर, तोंडभर साखर माखलेली. भांडायचं तरी कुणाशी? ज्याला विचारावं तो म्हणे, "मी एकच चमचा दिला गं."

थडगी होती शंभराच्या वर.

घरी आल्यावर क्रेमेना पडून राहिली. पोट दगडासारखं टणक.

"रडत नाही ना? मग बरी आहे," आजी म्हणाली.

झोर्नित्सानं फडताळाचं कुलूप काढलं आणि एक बिस्किट बहिणीच्या ओठांशी धरलं. क्रेमेनानं तोंड फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा.

आजीनं छातीवर क्रूसाची खूण केली. "भरलं गं बाई माझ्या बाळाचं पोट एकदाचं!"

झोर्नित्साला एकदम आठवलं. डॉक्टरीणबाईंनी आईला बजावलं होतं: हिला दुखलेलं कळत नाही, ओकता येत नाही. ही घास नाकारेल तेव्हा पोट फाटायच्या बेतात आहे समजा.

तिनं फोन उचलला.

"अगं, अँब्युलन्स कशाला? मेलेल्यांच्या नावाच्या घासानं पोर आजारी पडली म्हणून सांगणार?"

"हो, आजी. तेच सांगणार."

पलीकडून कंटाळलेला आवाज आला. "काय होतंय मुलीला?"

"तिला भूक नाहीये," झोर्नित्सा म्हणाली. "मग?" पलीकडून आलं, तशी ती किंचाळली, "ऐकताय ना? तिला भूक नाहीये!"