पाठीवरची फट

"ओढा काका, आणखी ओढा," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

टर्नरकाकांनी दोरी ओढली. काकू टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून पाठमोऱ्या उभ्या होत्या. दोरी सरसर सरकत गेली आणि पाठीवरच्या दोन्ही कडा एकमेकींना जाऊन टेकल्या. मधे दोन इंचांची फट उरायला हवी होती. आता तिथून सुईसुद्धा गेली नसती आणि कमरेपाशी मात्र चार बोटं आरामात आत जात होती.

मागच्या टेबलावर कुणीतरी खुदकन हसलं.

कॉर्सेट हा कपडा अंगावर आवळून बसवायचा असतो. आत पोलादी पट्ट्या, पाठीवर दोरी. त्यामुळे तो कापतानाच पाठीशी फट सोडायची. फट मिटली म्हणजे कपडा मोठा झाला आणि बारा रविवारांची मेहनत पाण्यात गेली, असा साधा हिशोब.

काकांनी अडतीस वर्षं कारखान्यात लेथ चालवला होता. निवृत्त झाल्यावर चार महिने ते घरात नुसत्या येरझारा घालत होते, चालू नळ बंद करत होते आणि काकूंना भांडी कशी लावावीत ते शिकवत होते. शेवटी काकूंनी हात जोडले. "काहीतरी शिका हो! नाहीतर मीच कुठेतरी नाव घालते." पलीकडच्या सभागृहात दोन वर्ग चालत, एक रजयांचा आणि एक कॉर्सेटचा. दुसऱ्यात पोलाद होतं, हातोडी होती, कानस होती. काकांनी डोळे मिटून नाव घातलं. मेहुण्यांना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. पण काकांनी पट्ट्यांची टोकं कानशीने अशी गोल केली, की बाईंनी ती वर्गातल्या साती बायकांना फिरवून दाखवली.

"माप चुकलं तुमचं," बाई आता समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "पहिल्यांदा सगळ्यांचंच चुकतं हो."

"माझं माप चुकत नाही, बाई."

त्यांनी टेप उचलली. काकूंनी ती जवळजवळ हिसकावूनच घेतली.

"पुरे झालं आता, लोक बघताहेत. माप घेताना मीच पोट फुगवलं होतं. गंमत केली."

सगळ्या हसल्या. काकूही हसल्या. काका हसले नाहीत. बत्तीस वर्षांच्या संसारात काकूंनी गंमत म्हणून पोट फुगवल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

दोघं घरी आले. काकू तडक स्वयंपाकघरात गेल्या. काकांनी मापांची वही उघडली. पहिल्या रविवारी कंबर साडेचौतीस. सहाव्या रविवारी जुन्या चादरीचा कच्चा नमुना अंगावर चढवून पाहिला होता, तेव्हाच फट कमी भरली होती. टेप लावली तर टेप साडेतेहतीस म्हणाली. त्यापुढे त्यांच्याच टोकदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'चादर जुनी, ताणली. पहिलं माप कायम.'

चादर ताणली असेल, पण टेप कशी ताणेल? हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. पडला असता तर आपलं पहिलं माप चुकलं असं कबूल करावं लागलं असतं आणि ते काही त्यांच्याने झालं नसतं. त्यांनी आपल्या मापाचा मान राखला आणि जिचं माप घेतलं, तिच्याकडे पाहायचं राहूनच गेलं. त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

ते टेप घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"इकडे ये जरा."

"हात भरलेत माझे."

"मग मी येतो."

काकू हलल्या नाहीत. भरलेले हात त्यांनी तसेच वर धरले. स्वेटरखाली एकावर एक दोन सदरे होते. त्या सगळ्यासकट टेप एकतीसवर थांबली.

"डॉक्टरकडे गेली होतीस?"

"हं."

"कधी?"

"झाले पाच आठवडे."

काकूंनी हात धुतले, कोरडे केले आणि पिठाच्या डब्यामागचा लिफाफा काढून काकांपुढे ठेवला. कागदावरचे बरेच शब्द काकांना कळले नाहीत. एक कळला. सगळ्यात खाली 'उपचार ताबडतोब सुरू करावेत' असं लिहून त्याखाली रेघ ओढली होती.

"पाच आठवडे!" काकांचा आवाज फाटला. "पाच आठवडे तू माझ्या समोर बसून जेवतेस आणि मला पत्ता नाही?"

"तुमचं ते शिवून होऊ दे म्हटलं. कधी नव्हे ते घरात शीळ घालायला लागला होतात."

"खड्ड्यात गेलं ते शिवण!"

"ओरडू नका. डॉक्टर म्हणाले, महिनाभराने काही बिघडत नाही."

"असं म्हणाले?"

काकू ओटा पुसायला लागल्या. ओटा स्वच्छच होता.

"अगं, असं म्हणाले का ते?"

"नाही," काकू म्हणाल्या. मग फडकं ठेवून त्या खुर्चीवर बसल्या. "मला भीती वाटली हो. तुमचं शिवण पुढे केलं, एवढंच."

काकांचा राग अजून गेला नव्हता, पण तो आता कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. ते दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.

"उद्या सकाळी सात वाजता निघायचं," ते म्हणाले.

"निघू."

"पिशवी मी भरतो."

"तुम्ही भरा, मग मी परत भरीन," काकू म्हणाल्या आणि पदराशी चाळा करावा तसा स्वेटरच्या बाह्यांशी चाळा करत राहिल्या. "अजून तीनच वाजताहेत. उद्या सात वाजेपर्यंत एकमेकांची तोंडं बघत बसायचं का? ते माझ्या मापाचं करून द्या. माझ्यासाठी शिवलंत ना, मग ढगळ कशाला?"

काकांनी खिडकीपाशी बसून कॉर्सेटच्या बाजूच्या चार शिवणी उसवल्या. पट्ट्या काढून ओळीने ठेवल्या. कापड आत घेतलं, टाचण्या लावल्या, मशीन मारलं. शिवण सरळ आली. उन्हं उतरता उतरता त्यांनी तो काकूंच्या अंगावर चढवून दोरी आवळली. पाठीवर फट नीट दोन इंच राहिली.

काकूंनी आरशात पाहिलं, या बाजूने, त्या बाजूने. "छान बसलाय की. पण आत काहीतरी टोचतंय."

"जास्तीचं कापड आहे."

"मग कापा ना ते."

काकांनी कात्री उचलली आणि परत ठेवून दिली. "नको. पुढे उसवून सैल करायला लागेल."

काकू आरशातून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"किती ठेवलंय?"

"सगळं."

काकूंनी मान हलवली. टोचत होतं तिथे आत बोटं घालून त्यांनी ते कापड सपाट केलं आणि अंगाशी तसंच राहू दिलं.