सुमतीच्या नवमीची सवाष्ण

हरिहरच्या आईने मला अविधवा नवमीला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावले, तेव्हा हरिहर ठाण्याच्या किल्ल्यातल्या तुरुंगात फाशीची वाट बघत होता. ज्या सुनेच्या नावाने ते पान वाढायचे होते, तिला वरवंट्याने मारले म्हणूनच तो तिथे होता.

नवरा जिवंत असताना जी जाते ती भाग्याची गेली, असे आपण म्हणतो. पितृपक्षातल्या नवमीला तिच्या जागी एका सवाष्णीला पाटावर बसवतात, कुंकू लावतात, ओटी भरतात, पोटभर जेवू घालतात. पण हे नवरा आहे तोवरच. नवरा गेला की नवमी बंद. म्हणजे सुमतीच्या वाटचे पान किती वर्षे वाढले जायचे, ते तिला मारणाऱ्याच्या मानेवर अवलंबून होते. असले भाग्य देवाने वैरिणीलाही देऊ नये.

बोलावणे करायला माई स्वतः आल्या होत्या. तुळशीपाशी टेकल्या आणि म्हणाल्या, "तूच बस गं. तिचा तुझ्यावर जीव होता."

"माई, दुसरी कुणी बघता का?"

"दुसरी येते का कुणी आमच्याकडे? श्रावणातल्या शुक्रवारची सवाष्ण सांगायला गेले, तर सगळ्या आळीचं पोट एकाच दिवशी दुखायला लागलं." बोलताना त्या हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

मी हो म्हटले. पाटावर बसणाऱ्या सवाष्णीला जेवण झाल्यावर विचारतात, तृप्त झालात ना? तिने तृप्त झाले म्हटल्याखेरीज वाढलेले पोचत नाही. सुमतीच्या जागी बसून ते कुणी भलतीच म्हणून गेली असती, तर मला अन्न गोड लागले नसते.

ते ज्युबिलीचे वर्ष. राणीसरकारच्या राज्याला पन्नास वर्षे झाली म्हणून माघात तुरुंगातून कैदी सोडले होते. त्यामुळे हरिहरला फाशीची शिक्षा झाली, ती मुंबईच्या हायकोर्टाने कायम केली, तरी ठाण्याच्या मंडळींनी आशा सोडली नव्हती. गव्हर्नरसाहेबांकडे दयेचा अर्ज जायचा होता. फाशी रद्द करून जन्मभर काळ्या पाण्यावर पाठवावे, एवढेच मागणे. तो अर्ज लिहिण्याचे काम आमच्या घरचेच करत होते. ते ठाण्याच्या कोर्टात वकील. रोज संध्याकाळी नौपाड्यात आमच्या ओटीवर बैठक भरायची आणि मी आत वाती वळता वळता ऐकायची.

पेन्शनवाले मामलेदार तावातावाने बोलायचे. "पेशवाईत ब्राह्मणाला देहान्त शासन होतं का? फार तर किल्ल्यावर कैदेत ठेवायचे. आपलं शास्त्र काही मूर्खांनी लिहिलेलं नाही. आणि विलायतेतसुद्धा शहाणी माणसं म्हणू लागली आहेत की जिवाला जीव घेणं हे रानटीपणाचं लक्षण."

तिकडे कल्याणात सुमतीच्या माहेरी उलट्या सभा चालल्या होत्या. तिचा भाऊ श्रीपाद मारुतीच्या देवळात उभा राहून ओरडत होता, की बहिणीच्या रक्ताला रक्तच पाहिजे, फाशी टळली तर कल्याणची अब्रू गेली. त्याच श्रीपादाकडे सुमती आदल्या वर्षी गेली होती. कोपरापर्यंत भाजलेला हात दाखवायला गेली होती. रात्री मुक्कामसुद्धा न करू देता त्याने तिला पुढच्या गाडीत बसवून ठाण्याला धाडले. "नवऱ्याघरचं नवऱ्याघरी," असे म्हणाला. हे तिने मला सांगितले, तेव्हा ती रडत नव्हती. मलाच म्हणाली, "तुम्ही नका रडू, वहिनी. कहाणी राहिलीय अजून."

आता कहाणीचे सांगते. चातुर्मासात रोज एक कहाणी सांगायची, ऐकणारीच्या हातात तांदळाचे दाणे असायचे, आणि कहाणी संपल्याशिवाय अन्न घ्यायचे नाही, असा माझा नेम. सांगणारीला ऐकणारी लागतेच. ती सुमती होती. पुरुषमाणसे कोर्ट-कचेरीला गेली की पदराला मूठभर तांदूळ बांधून ती मागल्या दाराने माझ्याकडे यायची. ऐकायची मात्र वकिलासारखी. "राणीला शेवटी सगळं परत मिळालं म्हणता, पण मधल्या वर्षांचं काय हो? ती कोण भरून देतं?" मी म्हणायची, "देव देतो." तर म्हणायची, "मग त्याला आधी का नाही सुचत?" कहाणी झाली की दाणे अंगणात चिमण्यांना टाकायची आणि गाठ सोडून घरी जायची.

शेवटच्या दिवशी गाठ तशीच होती. ती माझ्याकडे यायला निघाली, तेव्हा हरिहर कचेरीतून अवेळी आला होता. आधी त्याने मागल्या दाराची कडी घातली, मग पुढल्या दाराची. मग पाट्यावरचा वरवंटा उचलला. त्यानंतर पळून बडोद्याच्या मुलखात जाऊन राहिला, तो वैशाखात सापडला.

बैठकीत अर्ज वाचून दाखवला त्या संध्याकाळी माझ्या हातातली वात तुटली. अर्जात लिहिले होते, की सदर स्त्री पदरात धान्य बांधून मागल्या दाराने रोज दुपारी घराबाहेर जात असे, पंचनाम्यातही पदराच्या गाठीत तांदूळ मिळाले आहेत, यावरून तिचे कोणा परपुरुषाकडे जाणे-येणे होते हे उघड होते, आणि अशा दुर्वर्तनाने कुलीन पतीचा क्षणिक संताप अनावर झाला.

मामलेदार म्हणाले, "वाहवा! तांदळाचा मुद्दा नामी काढलात, वकीलसाहेब. आता साहेबाला दया करण्यावाचून गत्यंतर नाही."

मंडळी गेल्यावर मी पान वाढले आणि म्हटले, "ती आपल्या घरी येत होती. माझ्याकडे. कहाणीला."

माझा आवाज मुळातच लहान. ऐकू गेले नाही असे वाटून मी पुन्हा म्हटले.

"ऐकलं," इकडून उत्तर आले. "त्यानं काय होतं? चार भिंतींतली गोष्ट. एका बाईच्या सांगण्यावरून अर्ज बदलत नसतात."

"पण ते खोटं आहे."

"ती गेली. तिला आता काय लागणार आहे? हा अजून आहे. त्याच्या आईकडे बघ जरा."

त्याच्या आईकडे बघ! दोनच पावसाळ्यांपूर्वी आमच्या मागल्या अंगणात गर्ट्रूड येऊन उभी राहिली होती. खाडीकाठची किरिस्ताव बाई, आम्हाला मासळीवाल्यांच्या आळीपलीकडून भाजी आणून द्यायची. तिच्या मुलाने, सिल्वेस्टरने, मिठागरावर मुकादमाला फावड्याने मारले होते. मुकादमाने त्याच्या बहिणीवर हात टाकला होता, हे सगळ्या खाडीला ठाऊक होते. गर्ट्रूड म्हणाली होती, "बाय, वकिलाला सांग गो. माजे पोराला काले पान्यावर धारा, पन जित्ता ठेवा." मी सांगितले. तेव्हा इकडून उत्तर झाले होते, "कायद्याला आई नसते." आणि हेच मामलेदार ओटीवर म्हणाले होते, की असल्या लोकांना दोन-चार फाश्या झाल्याखेरीज जरब बसत नाही. रानटीपणाचे लक्षण त्या दिवशी कुणाला आठवले नाही. सिल्वेस्टरला फाशी झाली. गर्ट्रूडने भाजी आणायचे सोडले.

मला हरिहरची फाशी नको होती. हे खरे सांगते. ज्या हातांनी मी रोज मुंग्यांना साखर घालते, त्या हातांनी मी कुणाच्या गळ्यात दोर कसा मागू? जिवंत ठेवायचे तर ठेवा. पण एकाला ठेवताना आई दिसते आणि दुसऱ्याला लटकवताना दिसत नाही, ही कसली दया? आणि एकदा मारलेल्या बाईला तिच्या नावासकट पुन्हा मारून मिळवलेली, ही कसली दया?

नवमीला माईंनी माझे पाय धुतले. हिरवे लुगडे नेसवले, ओटी भरली. पाटाभोवती रांगोळी होती. ओटीवर पुरुष जमले होते, तिथेच अर्ज ठेवलेला, सह्या चाललेल्या. मधले दार उघडे होते. मुद्दामच उघडे ठेवले होते. मृत सौभाग्यवतीचे वार्षिक अन्न तिच्या सखीने तृप्तीने घेतले, तिचे सौभाग्य सरकारने हिरावू नये, असे शेवटी लिहायची मामलेदारांची कल्पना होती. मी जेवत असताना ती त्यांनी दोनदा मोठ्याने सांगितली.

मी सगळे जेवले. अन्नाचा काय अपराध?

भटजींनी विचारले, "तृप्त झालात ना, बाई?"

मी म्हटले, "नाही."

भटजींना वाटले, मी लाजले. "अहो माई, खीर वाढा, खीर! वकीलसाहेबांकडे सवय चांगली लागलेली दिसते."

ओटीवर हशा झाला. माई लगबगीने पळी घेऊन आल्या.

"खीर पुरे झाली," मी म्हटले. "ज्या बाईच्या जागेवर मी बसले आहे, ती तृप्त नाही. तिच्या नावावर त्या अर्जात खोटं लिहिलं आहे. ते खोडेपर्यंत मी पाटावरून उठणार नाही."

हशा थांबला. आमच्या घरच्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. चार माणसांत बायकोशी बोलायची रीत नाही म्हणून भटजींना सांगणे झाले, "भटजी, त्यांना म्हणावं, उठा आणि आत जा."

भटजी माझ्याकडे वळले. "बाई, ते म्हणतात—"

"ऐकलं मी. त्यांना म्हणावं, हा पाट आज त्यांच्या बायकोचा नाही, सुमतीचा आहे. सुमतीला उठवायचं असेल तर हरिहरनं उठवावं. त्यालाच सवय आहे."

"वहिनी!" मामलेदार दारात आले. "तुम्ही देवधर्म करणाऱ्या. अहो, एका माणसाचा जीव टांगलेला आहे."

"म्हणून तर म्हणते, खरं लिहा. ती माझ्याकडे येत होती. तांदूळ कहाणीचे होते. तुमच्या घरीही बायका कहाणी ऐकतात, कधी विचारलंत, दाणे कुठून येतात?"

"पण ते वाक्य काढलं तर अर्जात उरतं काय?"

"उरेल तेवढं धाडा. त्याची आई उरते. सिल्वेस्टरचीही तेवढीच आई उरली होती."

माझा आवाज काही मोठा झाला नव्हता. पण घर इतके गप्प होते की मोठ्या आवाजाची गरज नव्हती. मामलेदार माईंकडे वळले. "माई, तुम्हीच सांगा यांना. सून मागल्या दारानं जात होती की नव्हती?"

माईंच्या हातात खिरीची पळी होती. तिच्यातून थेंब थेंब रांगोळीवर पडत होते.

"जात होती," माई म्हणाल्या.

"झालं तर मग."

"मीच धाडत होते." माई खालीच बघत होत्या. "हरिहरला आवडायचं नाही म्हणून मागल्या दारानं. तांदूळ मीच घालत होते तिच्या पदरात. त्या दिवशीसुद्धा मीच घातले आणि देवळात गेले. तिथं कोर्टात मला कुणी विचारलं नाही, आणि मी... माझा मुलगा आहे हो तो."

माई पाटासमोर मटकन बसल्या आणि मला म्हणाल्या, मला म्हणजे तिला, "ऊठ गं. खोडतात ते. ऊठ आता, माझी बाय."

ओटीवर बोरूचा आवाज झाला. वाक्य कुणी खोडले ते मी पाहिले नाही. खोडलेला कागद मात्र मी मागून घेतला, वाचला, आणि मगच उठले. तृप्त झाले असे काही म्हटले नाही. भटजींनीही पुन्हा विचारले नाही.

त्यानंतर आमच्या घरी कित्येक दिवस इकडून माझ्याशी बोलणे नव्हते. मी नेम चालू ठेवला. ऐकायला कुणी नव्हते, तर तुळशीला सांगितली कहाणी.

अर्ज तसाच, खोटे वगळून गेला. कार्तिकात हुकूम आला, की ज्युबिलीचे वर्ष आणि म्हाताऱ्या आईची स्थिती पाहून फाशीऐवजी जन्मठेप काळे पाणी. मामलेदारांना मोठे नवल वाटले, तांदळाच्या मुद्द्याशिवाय दया झालीच कशी! मला नवल वाटले नाही. दया व्हायचीच होती. हरिहरच्या अर्जाखाली ठाण्यातली सगळी पागोटी होती, आणि सिल्वेस्टरच्या आईला आमच्या मागल्या अंगणापुढे वाट नव्हती. मंडळींनी पेढे वाटले. आमच्याकडे आलेली ताटली मी झाकली होती तशीच परत पाठवली. यावरून घरात काय झाले ते लिहीत नाही.

हरिहर अंदमानात जिवंत आहे. म्हणून सुमतीची नवमीही चालू आहे. पुढल्या पितृपक्षात माई पुन्हा आल्या, काठी टेकत, आणि तुळशीपाशी बसल्या.

"येशील ना?"

"येईन."

त्या थोडा वेळ मातीत काठीचे टोक फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "यंदा तरी म्हणशील का गं, तृप्त झाले म्हणून?"

"आधी वाढा तर खरं, माई," मी म्हटले.