उशीचे ठोके

डबामाईच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला टेकून, दारात, जिन्यावर, जिथे तिथे पोटुशा बायका. डबामाईने आपला पितळी डबा एका शिंपिणीच्या पोटावर ठेवला आणि सगळ्या चिडीचूप झाल्या.

टक. टक. टक.

"ऐक पोरी! लेकरू बोलतंय. म्हणतंय, आई, मी मजेत आहे. दवाखान्याच्या यंत्रांनी मला भेवडावू नकोस!"

शिंपिणीचे डोळे भरून आले. नवरा बोटीवर कामाला. फोन लागला तर लागला. सासर-माहेर कुठेच विचारणारं कोणी नाही. दिवसभर बायकांची मापं घ्यायची आणि संध्याकाळी मशीनवर झाकण टाकलं की भिंतींशी बोलायचं. ही टकटक तेवढी तिची सोबत. ती ऐकायला शिंपीण दर आठवड्याला यायची. दवाखान्याच्या तारखा केव्हाच सोडल्या होत्या.

एकदा गणवेश सैल करून घ्यायला दवाखान्यातल्या नर्सताई आल्या. त्यांची नजर मशीनच्या पायडलवरच्या तिच्या पावलांवर गेली.

"पाय कधीपासून सुजलेत गं?"

"डबामाई म्हणते, बाळ बाळसं धरतंय."

"बाळसं धरायला ते तुझ्या घोट्यात राहतं काय? ऊठ. चप्पल घाल."

दवाखान्यात वजन झालं, रक्त-लघवी घेतली, दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब पाहिला. मग नर्सताईंनी टेप काढून पोटाची वाढ मोजली. शिंपिणीच्या गळ्यात असायची तशीच टेप. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांची मापं घेतली. तिचं कोणी पहिल्यांदाच घेत होतं. तिला उगीच हुंदका आला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "डोकं दुखतं? डोळ्यांपुढे काजवे चमकतात?"

"दुखतं. मला वाटलं, बारीक टाके घालून दुखत असेल."

"रक्तदाब चढलाय, लघवीतून प्रथिनं जाताहेत. आणखी अंगावर काढलं असतंस तर झटके आले असते. तुझ्या आणि बाळाच्या, दोघांच्याही जिवावर बेतलं असतं. आता इथेच राहायचं."

मग त्यांनी पोटावर यंत्र टेकवलं. धडधडधडधड! भरधाव शिलाई मशीनच जणू. शिंपीण दचकली.

"इतकं घाईत? डबामाईकडे तर सावकाश बोलायचं."

"बाळाचं हृदय आपल्यापेक्षा जवळपास दुप्पट वेगाने चालतं, बाई. तिथे तू काय ऐकत होतीस, तूच शोध."

औषधांनी रक्तदाब उतरला तेव्हा तिला घरी सोडलं. पुढच्या तपासणीची तारीख हातात होती. नर्सताईंना घेऊन ती आधी डबामाईकडे गेली. माई एका नव्या पोरीला सांगत होती, "तिन्ही लोकांतून आवाज आणते मी!" शिंपिणीने डबा उचलला आणि शेजारच्या उशीवर ठेवला.

टक. टक. टक.

जिन्यावरून कोणीतरी ओरडलं, "अगंबाई, उशीला दिवस गेले!"

"शक्ती आहे ती! डब्यातून उतरायला वेळ लागतो तिला!" माई झेपावली, पण नर्सताईंनी डब्याचा तळ फिरवला होता. तो निघाला. आत कापूस, आणि कापसात भिंतीवरच्या घड्याळाचं यंत्र, सेलसकट. पोकळ पितळेत त्याची टकटक घुमत होती.

बायका हसल्या, चिडल्या, माईला शिव्यांची लाखोली वाहू लागल्या. शिंपिणीने ते यंत्र हातात घेतलं. किती महिने ती त्या घड्याळाशी मनातलं बोलली होती.

घरी येऊन ती डाव्या कुशीवर पडली. खोलीत कसलाच आवाज नव्हता. बऱ्याच वेळाने आतून एक लाथ बसली. कोणी न सांगता, कोणी न बोलावता. तिने तिथे हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

बायांनो, एकटेपणात गोड आवाज हवासा वाटतो, त्यात तुमचा दोष नाही. पण पोटावर डबा ठेवणाऱ्याला एवढंच म्हणा: आधी उशीवर ठेवून दाखव. आणि दवाखान्याची तारीख चुकवू नका. तिथले लोक तुम्हाला गोड बोलतीलच असं नाही, पण ते तुमचंच माप घेतात.