पत्राला तार समजून

कामठ्याच्या चैतरामला पत्र लिहायची भारी हौस. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, गावात त्याच्या अक्षराला मान. मुलगा खेमराज भिलाईला बांधकामावर गेल्यापासून तर या हौसेला ऊतच आला. मजकूर काहीही असो, शेवटची ओळ ठरलेली: 'पत्राला तार समजून ताबडतोब निघून येणे.' सगळेच तसं लिहीत, म्हणून हाही लिही. पहिल्यांदा खेमराज खरंच कामावर खाडा करून धावत आला. घरी काय, तर गाय व्याली होती! आईनं खरवस पुढे केला, बाप खो खो हसला. पोरगाही हसला, पण पुन्हा तसा धावला नाही. मग भाताचा रोवणा आला, मामाकडचं लग्न आलं, आईला दोन-चारदा सर्दी झाली, ओळ तीच.

अठ्ठावन्न सालच्या कार्तिकात खेमराजच्या आईनं, सुलोचनाबाईनं, अंथरूण धरलं. अन्न सुटलं. डॉक्टरनं चैतरामला बाजूला घेऊन सांगितलं, पोराला बोलवा. तिलाही एकच ध्यास, खेमराज दिसावा.

चैतराम तार करायला गोंदियाला निघाला, तशी ती रडू लागली.

"तार कायले करता? मी मेली का? अजून जित्ती आहो ना!"

गावात तार यायची ती कुणी गेल्याचीच. जित्या बाईच्या नावानं ती करायचा धीर त्यालाही झाला नाही. त्यानं कार्ड लिहिलं. पोरगा घाबरू नये म्हणून 'आईची तब्येत नरम आहे' एवढंच लिहिलं, सर्दीच्या वेळी लिहिलं होतं तसंच. आणि खाली तीच ओळ. आयुष्यात पहिल्यांदा ती लिहिताना त्याला रडू आलं.

ती दिवसभर दाराकडे तोंड करून पडून असायची.

"येऊन राहिला का?"

"येऊन राहिला," चैतराम म्हणायचा.

नवव्या दिवशी तिनं विचारणं सोडलं. संध्याकाळी गेली. मग तार झाली.

खेमराज पोहोचला तेव्हा चिता थंडावली होती. पोटभर रडून झाल्यावर त्यानं पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढला. बापाचं एकही कार्ड त्यानं फेकलं नव्हतं.

"बाबा, तुमीच सांगा. यातलं खरं कोणतं, मले कसं समजन?"

चैतरामनं कार्डं हातात घेतली. तेच अक्षर, तीच नरम तब्येत, तीच ओळ. शेवटचं कार्ड कोणतं, हे त्यालाही तारीख पाहिल्यावाचून सांगता येईना.