गादीवाल्याच्या गाडीतला पट्टा

मी पट्टा बोलतोय. गाडीतला. लोक मला सीटबेल्ट म्हणतात, म्हणजे नाव घ्यायची वेळ आलीच तर. आधीच माफी मागून ठेवतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि शब्दही साधेच असतील, कारण माझं शिक्षण अर्ध्यावर सुटलं. आमची शाळा म्हणजे कारखान्यातली चाचणीची खोली. तिथे गाडीत बाहुले बसवून गाडी भिंतीवर आपटतात आणि पट्ट्यांनी त्यांना धरून दाखवायचं असतं. ज्यांनी ती शाळा पुरी केली ते ताणून ताणून कामातून गेले. मला पहिल्याच इयत्तेतून उचललं, दोन-चार हिसके दिले, पास म्हणाले, आणि एका गाडीच्या मागच्या सीटवर डाव्या बाजूला नेमून टाकलं.

त्यात स्वभाव लाजाळू. कोणी बोलावलं नाही तर मी आपला दाराशेजारच्या खांबातल्या फटीत गुंडाळून बसतो. पण आज बोलणार आहे. गप्प बसून बसून जीव मेटाकुटीला आलाय.

गाडी व्होल्वो. हे नाव काढलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे बस?" बस नाही हो. स्वीडन नावाच्या थंड देशातली, लांब पाठीची, चौकोनी गाडी. व्होल्वो म्हणजे जुन्या लॅटिन भाषेत 'मी फिरतो'. नाव असं फिरस्त्याचं, पण घराण्याला वेड सगळं माणूस जागेवर धरून ठेवण्याचं.

आमच्या घराण्याची गोष्ट मी अभिमानाने सांगतो. पूर्वी पट्टा नुसता पोटावरून आडवा असायचा. एकोणीसशे एकोणसाठ साली या कंपनीच्या एका इंजिनियरने खांद्यावरून तिरपा आणि कमरेवरून आडवा असा पट्टा गाडीत आणला, एका हाताने लागणारा. तो माणूस आधी विमानांच्या कारखान्यात होता. संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या बनवायचा. आयुष्याचा पहिला भाग माणसांना बाहेर फेकण्यात घालवला आणि पुढचा आत धरून ठेवण्यात. कंपनीनेही हे गुपित कवटाळून ठेवलं नाही. सगळ्या गाडीवाल्यांना सांगितलं, घ्या, वापरा. आज जगातल्या गाड्यांमध्ये लटकतायत ते सगळे माझेच चुलतभाऊ.

आणखी एक गंमत. आमच्या गाडीच्या तोंडावरच्या जाळीवर तिरपी पट्टी असते. जुन्या काळी बिल्ला धरून ठेवायला लावली होती, ती तशीच राहिली. म्हणजे गाडी स्वतः छातीवर पट्टा लावून गावभर हिंडते आणि आत बसलेली माणसं मोकळी! कपाळावर हात मारावा तर मला हात नाही.

पहिली मालकीण चांगली मिळाली. दातांची डॉक्टर. आवाज असा की दात आपोआप विचकले जावेत. तिचे दोन मुलगे मागे बसायचे. त्यांच्यासाठी आमच्या सीटमध्ये एक खास सोय आहे, तीही या घराण्यात जुनी. बैठकीच्या पुढच्या कडेला खटका असतो. तो ओढला की बैठकीचा तुकडा वर उचलला जातो आणि लहान मूल उंच बसतं. मूल उंच बसलं की मी त्याच्या गळ्यावरून न जाता बरोबर खांद्यावरून जातो. बाई गाडीत बसली की विचारायची, "टक् झालं का?" मुलं ओरडायची, "झालं!" मगच गाडी हलायची. मुलगे मोठे झाले, लांब शिकायला गेले, आणि बाईने गाडी विकायला काढली.

घ्यायला आला तो गादीवाला. गाद्या, सोफे, गाड्यांची सीट कव्हरं शिवायचा त्याचा धंदा. हातात खरी कला. नुसता अंगठा दाबून फोम किती वर्षांचा ते सांगेल. त्याची बायको दुकानात कापड बेतायची, तो शिवायचा. त्यांना एक मुलगी, चार वर्षांची, मिरी. नाव शोभतं. एवढीशी आणि तिखट.

डॉक्टरबाई किल्ली देताना म्हणाली, "मागच्या सीटमध्ये एक..."

"मॅडम, सीटचं मला सांगू नका," गादीवाला हसून म्हणाला. "सीट हाच माझा धंदा आहे."

बाईने किल्ली त्याच्या हातावर ठेवली. मी आतल्या आत आवळलो.

दुसऱ्याच आठवड्यात त्याने सगळी सीटं नव्या कव्हरांनी मढवायला घेतली. मागे आला, बैठकीवर हात फिरवला. मधली चीर लागली, खटका लागला. म्हटलं आता तरी ओढेल. तर बायकोला हाक मारून म्हणतो कसा, "बघ गं, एवढी नावाजलेली गाडी, आणि बैठक दोन तुकड्यांत केलीय. कापड वाचवलं लेकांनी. शिवण म्हणून जमत नाही यांना!"

आणि वरून जाड रेक्झिनचं कव्हर ताणून बसवलं. डबल शिवण, काठाला पांढरा दोरा, कोपऱ्यात दुकानाचं लेबल. चीर गेली, खटका गेला, माझं बक्कलही गेलं त्याच रेक्झिनखाली. ज्यात माझ्या टोकाची लोखंडी जीभ अडकते तो माझा जन्माचा जोडीदार डोळ्यांदेखत गाडला गेला.

तेव्हापासून जे सुरू झालं ते काय सांगू. गादीवाला भेटेल त्याला सांगायचा, "सगळ्यात सेफ गाडी घेतली. रणगाडा आहे." आणि रणगाडा घेतला म्हणून पट्टा लावायचा नाही! छत्री घ्यायची आणि मिटूनच चालायचं. पट्टा लावला नाही तर गाडी टीं टीं ओरडते. त्यावर त्याने बाजारातून नुसत्या जिभा आणल्या, पट्ट्याशिवायच्या. पुढच्या दोन्ही बक्कलांत त्या खुपसून दिल्या. गाडीला वाटतं पट्टा लागला. माझे पुढचे दोन भाऊ लटकत राहिले आणि त्यांच्या गादीवर तोतये राज्य करू लागले.

मला तर कामच नव्हतं. गादीवाल्याने माझ्या गळ्यात इस्त्रीचे कपडे अडकवायला सुरुवात केली. मी, ज्याच्या आजोबांनी अख्ख्या जगाला वळण लावलं, तो मी शर्टाचा हँगर झालो.

पण खरी कळ वेगळीच होती. मिरी पुढे बसायची, आईच्या मांडीवर. तिच्यासमोरच्या फळीत, म्हणजे डॅशबोर्डात, एअरबॅग झोपलेली असते. लोकांना ती उशी वाटते. अहो, ती डोळ्याचं पातं लवायच्या आत मुसंडी मारते, ती मोठ्या माणसाच्या छातीसाठी. पोरीचा चेहरा तिच्यापासून वीतभर लांब. मी मागून रोज बघायचो आणि धागा धागा तुटायचा.

मधूनमधून विषय निघायचा. बायको म्हणायची, "अहो, लहान मुलांची ती सीट मिळते म्हणे, उंच. घेऊया का?"

"कशाला? तुझे हात आहेत ना. आईच्या हातांपेक्षा सेफ काय असतं?"

आणि तीही खूश होऊन मिरीला आणखी घट्ट धरायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. इथे तर वळसाही कोणी घालत नव्हतं.

मग तो दिवस आला. मिरीच्या आजीच्या, म्हणजे बायकोच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हमरस्त्याने तिच्या गावी निघायचं होतं. आदल्या दुपारी तिघं दुकानातून घरी येत होते. गल्लीत एक सायकलवाला मधेच वळला. गादीवाल्याने ब्रेक मारला. वेग काही फार नव्हता, एअरबॅगही उठली नाही. पण मिरी आईच्या हातांतून सुटली आणि समोरच्या फळीवर कपाळ आपटलं.

ती रडायला लागली. गादीवाला दार उघडून खाली उतरला आणि बंपर बघायला गेला.

"काही नाही झालं," तो बाहेरून म्हणाला. "ओरखडासुद्धा नाही. म्हटलं ना, रणगाडा!"

"आधी पोरीचं कपाळ बघा!" बायको असं ओरडली की सायकलवालाही थांबला. कपाळावर टेंगूळ वर येत होतं. ती मिरीला छातीशी धरून म्हणाली, "निसटली हो माझ्या हातातून. मी धरलं होतं, घट्ट धरलं होतं, तरी निसटली."

 घरी दारात गाडी थांबल्यावर ती म्हणाली, "उद्या मी आणि मिरी बसने जातो."

"घरात गाडी असताना बसने? लोक काय म्हणतील?"

"तुम्ही बंपर सांभाळा. मी पोरगी सांभाळते."

"अगं, थोडं टेंगूळ आलं तर..."

"हमरस्त्यावर ब्रेक मारलात तर टेंगळावर भागेल?"

 त्याने आवाज चढवला. "मग काय करू? मागे पट्टा आहे, पण त्याचं बक्कल सापडत नाही!"

"सापडत नाही की शिवून टाकलंत?"

ती दुकानाच्या पिशवीतून मोठी कात्री काढून मागच्या सीटवर आली. गादीवाला धावला. "अगं ए, डबल शिवण आहे ती! आठवडाभर बसलो होतो!"

"शिवण तुमची आहे. पोरगी दोघांची आहे."

आणि कर्र कर्र कात्री चालली. कारागिराच्या बायकोचा हात, एकदम सरळ रेषेत. गादीवाल्याने तोंड फिरवलं. रेक्झिन बाजूला झालं आणि माझं बक्कल धुळीत माखून, पण धडधाकट, वर आलं. तिने मिरीला बसवलं आणि मला हिसका दिला. मी अडलो. काय करू, हिसक्याला अडणं हाच माझा धर्म. तिने पुन्हा हळू ओढलं, मी आलो. टक्.

आणि माझीच मान खाली गेली. मिरी बुटकी. मी नेमका तिच्या गळ्यावरून गेलो. ती खोकली, मला दोन्ही हातांनी ढकलू लागली.

"बघ! गळा आवळतोय," गादीवाला म्हणाला. "मोठ्यांसाठी असतो तो. उगाच कापलंस."

इतक्या वर्षांत मला वाचा हवीशी वाटली ती तेव्हा. खाली बघा हो, पोरीच्या पायांमागे बघा! बायकोने मला सोडवलं, मिरीला उतरवलं. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. कापलेलं कव्हर दाबून बसवायला वाकली आणि थबकली.

"अहो, हा दांडा कसला?"

"तो काही नाही. बैठक दोन तुकड्यांत केलीय ना, त्याचाच काहीतरी..."

तिने ओढला. खट्. बैठकीचा अर्धा भाग वर आला आणि उंच जाऊन बसला.

 मिरी पुढे झाली. "माझी खुर्ची!" म्हणून चढून बसलीसुद्धा. आईने मला हळू ओढलं. मी तिच्या खांद्यावरून उतरलो, छातीवरून तिरपा गेलो, कमरेवरून आडवा झालो. जसं जायला मला शिकवलं होतं तसं.

गादीवाला वाकून बघत राहिला. बिजागरी बघितली, खालची पट्टी बघितली, अंगठा दाबून बघितला. कान लाल झाले होते. शेवटी एवढंच म्हणाला, "फोम चांगला वापरलाय." आणि फाटलेलं रेक्झिन गोळा करून घरात निघून गेला.

आता तुम्हाला एक मागणं. माझे भाऊ तुमच्याही गाडीत लटकत असतील. त्यांच्या गळ्यात शर्ट अडकवू नका. त्यांच्या जागी तोतये बसवू नका. आणि सावकाश ओढा हो! हिसका दिलात की आम्ही अडतो, मग तुम्ही शिव्या देता. पण आम्ही अडतो म्हणूनच तुम्ही वाचता, हे एकदा तरी डोक्यात घ्या. सांगून सांगून घसा कोरडा पडला. पालथ्या घड्यावर पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं गाडीनेच निघाले. बायकोने पुढचा तोतया उपटून खिडकीबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि पट्टा लावला. गादीवाला तोंड फुगवून गाडी चालवत होता. मिरीला बक्कलावरच्या लाल बटणाचा शोध लागला होता. टक्, निघाला. आईने मागे वळून लावला. टक्, पुन्हा निघाला. वर खिदळणं. आता काय बोलायचं, बाप तशी लेक!

तिसऱ्यांदा गादीवाल्याने गाडी कडेला घेतली. उतरला, मागचं दार उघडलं. मला वाटलं आता पोरीला फटका बसणार. त्याने मला धरून हिसका दिला. मी अडलो.

"बाबा, हळू. तो चिडतो," मिरी म्हणाली.

त्याने हळू ओढलं. मी आलो. त्याने जीभ बक्कलात बसवली. मग माझी कड कुठे दुमडली आहे का ते त्या कारागिराच्या अंगठ्याने खांद्यापासून कमरेपर्यंत चाचपून पाहिलं. मिरीच्या टेंगळावर हलकेच फुंकर घातली. "आता काढलंस तर गाडी पुढे जाणार नाही," तो म्हणाला. मिरीने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बटणावरचा हात काढून घेतला.

त्याने स्वतःचा पट्टा लावला का? ते विचारू नका. डोकं फिरतं माझं.

पुढे रस्ता खराब होता. मिरीला झोप लागली. मान कलली, गाल माझ्यावर आला, थोडी लाळही गळली. संधी मिळाली की गुंडाळून आत जायचं हा माझा जन्माचा स्वभाव. पण आजीच्या दारात गाडी थांबेपर्यंत मी तिथून हललो नाही.