डबीतले कपॅसिटर

आमच्या घरात टेबल एकच आहे आणि त्यावर माझे सासरे राहतात. झोपायला तेवढे पलंगावर जातात. बाकी सगळा वेळ ते, त्यांचं सोल्डरिंग आयर्न, अकरा स्क्रू ड्रायव्हर आणि पोट उघडं टाकलेला एखादा रेडिओ असा संसार त्या टेबलावर चालतो. चाळीस वर्षं त्यांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद झालं आणि टेबल घरी आलं.

मी मुद्रितशोधक आहे. लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढते आणि त्याबद्दल शिव्या खाते. गेली तीन वर्षं हे काम मी पलंगावर मांडी घालून करते आहे. मॉनिटर समोर स्टुलावर, कीबोर्ड मांडीवर, आणि पाठीचं काही विचारू नका. मला ते टेबल हवं होतं. घरातल्या कुठल्याच गोष्टीवर मी इतका डोळा ठेवलेला नाही.

त्यात गुरुवारी माझा मॉनिटर गेला. जुना, चौकोनी, पुस्तकाचं पान सबंध मावणारा. बटण दाबलं की दोन सेकंद पान दिसायचं, मग काळोख. खालचा दिवा मात्र हिरवागार.

"नवीन घेऊन टाकू," नवरा म्हणाला.

"कशाला? मेला नाहीये तो. मी करतो," सासरे म्हणाले.

नवऱ्याने चहाचा घोट घेतला आणि नको ते बोलला. "बाबा, वर्षभरात तुम्ही उघडलेली एक तरी वस्तू परत बंद झाली आहे का?"

बाबांनी कप खाली ठेवला. "रविवारी संध्याकाळपर्यंत हा चालू झाला नाही, तर माझं टेबल हिला देऊन टाका."

 मी मान खाली घालून कप गोळा करायला लागले, कारण मला आनंद झाला होता आणि तो तोंडावर दिसू द्यायचा नव्हता.

रविवारी नवरा सकाळीच बहिणीकडे गेला. बाबांनी मॉनिटर टेबलावर घेतला, पडदा ओढला आणि मला बॅटरी आणायला सांगितली. काळ्या पडद्यावर त्यांनी उजेड तिरका पाडला. आत माझं पान होतं. अगदी पुसट, पण अक्षरं वाचता येत होती. त्या अवस्थेतही मला एक वेलांटी चुकलेली दिसली.

"बघ. चित्र आहे, मागचा उजेड तेवढा गेलाय. माणूस जिवंत आहे, नुसता डोळे मिटून बसलाय. वीज पुरवणाऱ्या पाटीवर घोटाळा असणार."

मॉनिटर उघडायला त्यांना वीस मिनिटं लागली. आत हिरव्या पाटीवर करंगळीच्या पेराएवढे गोल डबे उभे होते. ते कपॅसिटर. चांगल्या कपॅसिटरचं डोकं सपाट असतं, फुगलं की तो गेला, हे मला बाबांनीच लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात समजावलं होतं. इतर सासरे काय समजावतात, मला माहीत नाही.

"या जातीच्या मॉनिटरचे हेच तीन जातात," त्यांनी बोटाने दाखवलं. "मी असे पन्नास केलेत. बघायचीसुद्धा गरज नाही."

मी बघितलं. तिघांचीही डोकी टम्म फुगलेली होती. बाबांचं निदान चोख होतं. त्यांनी तिन्ही काढले आणि सवयीने शेजारच्या डबीत टाकले. ते काहीच फेकत नाहीत, कधी लागेल सांगता येत नाही म्हणतात. मग भिंग डोळ्याला लावून त्याच डबीत ते आकडे शोधू लागले. हजार, सोळा व्होल्ट. मिळाले. बरोबर तीन, आणि तिघांचीही डोकी फुगलेली.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले ती ग्लास हातात घेऊन तशीच उभी राहिले. पुढे काय होणार ते मला दिसत होतं. बाबा ते तीन जोडतील, मॉनिटर दोन सेकंद लागेल आणि विझेल. संध्याकाळी नवरा येईल. उद्यापासून मी टेबलाशी खुर्चीत पाठ टेकून बसेन. मला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि तेही माझ्याच घरात, माझ्याच फायद्यासाठी.

एवढंसं काम मला जमलं नाही. मी परत बाहेर आले.

"बाबा, तो फुगलेला आहे."

"कुठला?"

"हातातला. आणि ते दोन्हीसुद्धा. मघाशी काढलेलेच आहेत ते. पाय बघा ना किती आखूड."

"नव्यांचे पायसुद्धा मी आणल्याबरोबर कापून ठेवतो. वेळ वाचतो." त्यांचा आवाज चढला. "आता तू मला शिकवणार?"

 मी डबीतून त्याच आकड्यांचा एक सपाट डोक्याचा शोधला आणि त्यांच्या हातातल्याशेजारी धरला. त्यांनी भिंगातून पाहिलं. खिडकीशी जाऊन पाहिलं. मग अंगठा फिरवला. पण चाळीस वर्षं भाजून त्यांची बोटं इतकी निबर झाली आहेत की त्यांना कढईसुद्धा गरम लागत नाही. शेवटी त्यांनी दोन्ही टेबलावर ठेवले.

"किती आहेत असे डबीत?" त्यांनी विचारलं.

मी मोजले. "नऊ फुगलेले. पाच चांगले."

"हं," ते म्हणाले.

त्याच आकड्यांचे तीन चांगले मी शोधून दिले, ते त्यांनी जोडले. हात जरासुद्धा हलला नाही. मॉनिटर लागला, दोन सेकंद गेले, दहा गेले, पाच मिनिटं गेली. माझं पान चुकलेल्या वेलांटीसकट झळकत राहिलं.

संध्याकाळी नवरा दारातूनच ओरडला, "वा! जिंकलात की बाबा!"

"मी नाही," बाबा म्हणाले. "मी खराब काढून खराबच लावत होतो. हिने पाहिलं. टेबल हिचं."

"पण चालू झाला ना शेवटी?"

"दुकानात कुणी असं काम केलं असतं, तर त्याला मी दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं असतं."

एवढं बोलून ते उठले आणि स्क्रू ड्रायव्हर खोक्यात भरायला लागले. अकराही, एकेक पुसून. तीन वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होते आणि तो आला तर मला ते बघवेना. त्याचा मला रागही आला.

"बाबा, मलाही नीट दिसलं नव्हतं. अंदाजाने बोलले," मी म्हणाले.

"खोटं बोलू नकोस. तुला येत नाही ते."

"मग खरं सांगते. मला अर्धंच टेबल पुरतं. सबंध घेतलं तर पुसावंही मलाच लागेल. ते खोकं खाली ठेवा."

त्यांनी ते लगेच ठेवलं नाही. 

सोमवारी टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला मी मॉनिटर मांडून बसले, दुसऱ्या टोकाला बाबा शेजाऱ्यांचा रेडिओ घेऊन. पहिल्या तासात त्यांनी मला तीनदा विचारलं, "हा फुगलाय का गं?" तिन्ही वेळा मी पान सोडून बघितलं आणि काय ते सांगितलं. चौथ्या वेळी त्यांनी विचारलं नाही. मान वर न करता कपॅसिटर ठेवलेला तळहात नुसता माझ्यापुढे धरला.