दुपारी झोपणारी माणसं

आमच्या ऑफिसात त्यांना पाइपवाले काका म्हणतात, कारण आयुष्यभर त्यांनी दुसरं काही आखलेलंच नाही. आधी पाण्याचे पाइप, मग तेलाचे आणि आता निवृत्तीला आठ महिने उरले असताना हायड्रोजनचे. म्हणजे खरं तर अमोनियाचे. हायड्रोजन एकटा बोटीतून यायला फार नखरे करतो, म्हणून तो अमोनियाच्या पाठीवर बसून बंदरात येणार आणि तिथून पाइपातून कारखान्यांकडे जाणार. त्याच चरातल्या दुसऱ्या पाइपातून कारखान्यांच्या धुरातला कार्बन उलटा बंदरावर येणार, समुद्राखाली गाडायला. पाहुण्याला आणायचीही तीच वाट आणि घालवायचीही तीच, असं काका सांगतात.

माझं काम तक्ता भरायचं. पाइपाच्या दोन्ही बाजूंना दोनशे मीटरच्या पट्ट्यात किती घरं, किती माणसं. पट्ट्यात शाळा किंवा दवाखाना आला तर पाइप वळवायचा. तुरळक घरं असतील तर चालतं. गुरुवारी सकाळी एक्केचाळिसाव्या ओळीवर आले. बैठं घर, माणसं दोन. पत्ता पुन्हा एकदा वाचला. त्या घराच्या पिवळ्या फाटकाची कडी मी रोज सव्वानऊला दोनदा ओढून बघते. ते माझ्या चिऊचं पाळणाघर.

मावशी ते राहत्या घरातच चालवतात. त्यामुळे सरकारदरबारी तिथे मावशी आणि त्यांचे यजमान, एवढीच माणसं. चिऊला तिथे ठेवण्याआधी मी सगळं तपासलं होतं. प्लगची झाकणं, गच्चीच्या जिन्याचं दार, आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख. मावशींची जन्मतारीख तेवढी विचारायची राहिली, असं नवरा म्हणाला होता. आणि आता त्याच घरामागून मीच श्वास कोंडणारा अमोनिया न्यायला निघाले होते. पाच वाजता नकाशावर साहेबांची सही होणार होती. सही झाली की मार्ग तसूभरही हलत नाही.

काकांना सांगितलं तर ते हसले. त्यांची बायकोही पहिल्या बाळंतपणानंतर उशीत सुया शोधायची म्हणे. पाइप दीड मीटर खोल, जाड, दुपदरी. जरा गळती झाली की झडपा आपोआप बंद. उलट मार्ग वळवायचा तर सव्वा किलोमीटर वाढतो. साहेबांनी निदान गंभीरपणे ऐकून घेतलं. पण आकडे जनगणनेचेच घ्यायचे, ओळखीपाळखीने माणसं वाढवली तर उद्या प्रत्येकाची मावशी तक्त्यात येऊन बसेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते बरोबर होतं, हीच तर पंचाईत. पाइप नको असंही मला म्हणायचं नव्हतं. चिऊ मोठी होईल तेव्हाचे उन्हाळे सोसण्याजोगे असावेत म्हणून तर हा सगळा खटाटोप.

जागेवर येऊन नियमावली उघडली. घाबरलेलं माणूस बारीक अक्षर फार नीट वाचतं. सातव्या पानाच्या तळाशी टीप होती: माणूस जिथे झोपतो तिथे मोजावा, कारण झोपलेल्याला गळतीचा वास कळत नाही आणि पळताही येत नाही. खाली काकांची सही, बारा वर्षांपूर्वीची.

जेवणाच्या सुट्टीत दोघांनाही म्हटलं, दहा मिनिटं माझ्याबरोबर चला. काका कुरकुरले. जेवल्यावर वीस मिनिटं खुर्चीत मान टाकायची हा त्यांचा जुना नेम.

मावशींनी दार उघडलं ते तोंडावर बोट ठेवूनच. पायातलं बाहेर काढा, खुर्च्या ओढू नका आणि कोणी उठलं तर ज्याच्यामुळे उठेल त्यानेच झोपवायचं, असं तिघांनाही बजावलं. साहेबांना असं कोणी बऱ्याच वर्षांत बजावलं नसावं. ते चवड्यांवर आत आले.

गाद्यांच्या दोन रांगा. कोणी उताणं, कोणी गुडघे पोटाशी घेऊन. चिऊ नेहमीसारखी गादी सोडून फरशीवर. तिला उचलायला हात शिवशिवले, पण आवरले.

"मोजा काका," मी हळूच म्हणाले. "तुमच्याच नियमाने. ही सगळी रोज दीड ते साडेतीन इथे झोपतात."

काका वाकून एकेक मोजत गेले. मध्येच एका पोराने झोपेत त्यांचं बोट धरलं. ते सोडवायचं कसं ते त्यांना कळेना, म्हणून ते तिथेच उकिडवे बसून राहिले.

"चौदा," ते तिथूनच कुजबुजले. "आणि वास आला म्हणून यातलं एकही उठायचं नाही, साहेब."

"यांना बाहेर न्यायला कोण कोण असतं?" साहेबांनी मावशींना विचारलं.

"मी आणि एक मदतनीस. एका खेपेला दोघी मिळून चार पोरं. आता किती खेपा ते तुम्हीच बघा."

साहेबांनी दारापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. जाताना नळकांड्यावरची तारीखही त्यांनी वाचली.

चार वाजता काकांनी नकाशा पुन्हा पसरला आणि पाइपाची रेघ जुन्या गोदामांच्या मागून, आमच्या ऑफिसाच्या अंगाने फिरवली. सव्वा किलोमीटर वाढला तो वाढलाच. मग सातव्या पानावरच्या टिपेत स्वतःच्या हाताने भर घातली: दुपारची झोपही धरावी.

साहेबांनी सही केली आणि मान वर न करताच विचारलं, "नव्या पट्ट्यात आपलं ऑफिस येतं का बघा. इथेही दुपारी एक माणूस झोपतो."

काकांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. मी पट्टी लावली. दोनशे साठ मीटर. काकांना धोका नव्हता. तरी पट्टी उचलून एकदा पुन्हा मोजलं.